पिशवी

कुंदा हे नाव तनुजानं ठेवलं, रंगावरून.
दूध आटवून आटवून येतो तो तपकिरी.
परशराम म्हणाला, डुकराला मिठाईचं नाव!
मग तोच रोज खडेबाजारातून
कोथिंबिरीच्या काड्या मागून आणायला लागला, फुकट.
पिशवी दारात वाजली रे वाजली
की पिंजऱ्यातून शिट्टी. हुईक, हुईक.
लाइट जाऊन यंत्रमाग थांबले की वडगावात
तेवढाच आवाज उरायचा.

चौथ्या वर्षी तिच्या कुशींवरचे केस गेले,
दोन्हीकडे सारखेच,
जुनं लुगडं घडीवर विरतं तसे.
मग गवतावर रक्ताचा ठिपका.
मी पोटाखाली हात घातला.
तीस वर्षं या बोटांनी सुतातल्या गाठी शोधल्यात,
न बघता.
ही सापडायला क्षणही लागला नाही.

हुद्दार डॉक्टरांकडे म्हशींची माणसं बसली होती.
एक म्हातारा टोपलीत डोकावला, "उंदीर काय गे?"
"न्हाई, डुक्कर."
तो सरकून बसला.
रजिस्टरात तिच्यासाठी रकाना नव्हता.
डॉक्टरांनी लिहिलं: ससा, मादी, नऊशे चाळीस ग्रॅम.
पोट दाबून म्हणाले, "गंट ऐतरी."
मग माझ्यासाठी मराठीत,
"गाठ हाय. पिशवी काढावी लागणार."

परशरामनं खिडकीबाहेर बघितलं.
हेच वाक्य, हाच माणूस,
अशीच कुठली तरी खिडकी.
मी तेव्हा अडतीस वर्षांची.
यल्लूबाई म्हणाली होती, दोन पोरं झाली न्हवं,
आता काय करूलालीस ठेवून?
माळ्यावरचं भांडं असावं तसं.
सही त्यानं केली होती.

आज सही मी केली.
कन्नड फॉर्म, मराठी सही.
"एनू आगंगिल्लरी," कंपाउंडर म्हणाला,
पण त्याच्या हातातली सिरिंज
तिच्या पायापेक्षा मोठी होती.

दीड तासानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं.
विचारलं, "बघणार?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

स्टीलच्या ट्रेमध्ये दोन शिंगांची पिशवी,
गुलाबी, माझ्या करंगळीहून बारीक,
आणि एका शिंगाच्या टोकाला
लिंबाएवढी गाठ.
त्यांनी ती चिरली.
आत केस होते. ओले, तपकिरी.
आणि दातासारखं काहीतरी, पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.
"बीजकोशाची गाठ," डॉक्टर म्हणाले,
"हिच्यात काहीही बनतं. केस, हाड, दात."
कुशीवरचे गेलेले केस
इथे येऊन बसले असं नाही, मला कळतं तेवढं.
तरी मी ते मोजायला लागले होते.

घरी आल्यावर ट्रंकेतली माझी फाईल काढली.
इंग्रजीत चार ओळी, तनुजानं वाचून दाखवल्या.
शेवटची: नमुना तपासणीस पाठवला.
कुठं पाठवला? काय निघालं?
पुढचं पानच नव्हतं.
परशराम म्हणाला, तेव्हा विचारायचं सुचलं नाही.
खरं असेल.
मलाही सुचलं नव्हतं.

कुंदा दोन दिवस तोंड उघडेना.
गवताचा लगदा, सिरिंजनं, दर दोन तासांनी,
रात्री दोनचा अलार्म वेगळा.
टाके बघायला उताणी केली
की पाय झाडायची, मग थकून
माझ्या अंगठ्यावर हनुवटी टेकायची.
माझ्या टाक्यांना अजून थंडीत खाज सुटते
हे मी तिला सांगितलं. फक्त तिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
परशराम दारातच थांबला,
चप्पल पायात,
कोथिंबिरीची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली,
आवाज होऊ नये अशी.
म्हणाला, "वाजवू काय?"